मैदानावरचे मूल्यमापन कशासाठी?

गोवा शालान्त मंडळाचे दहावी-बारावीचे निकाल लागतात, तेव्हा क्रीडा गुणांचा लाभ किती विद्यार्थ्यांना झाला, याचीही चर्चा होते. मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलांच्या श्रमांची दखल निकालपत्रात घेतली जावी, हा या सवलतीमागील हेतू योग्यच आहे. परंतु हे गुण स्पर्धांतील सहभाग आणि कामगिरी यांच्याशी निगडित आहेत. शाळेच्या संघात ज्यांची कधीच निवड होत नाही, ती बहुसंख्य मुले शारीरिक शिक्षणाच्या तासाला नेमके काय शिकली, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही.

दुसरे मोजमाप आहे ते तंदुरुस्ती चाचणीचे. ‘खेलो इंडिया’ उपक्रमांतर्गत शालेय मुलांची उंची व वजन नोंदवले जाते. मोठ्या मुलांचे ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे वा चालणे, जोर आणि शरीराची लवचीकता तपासली जाते. या नोंदी उपयुक्त आहेत. मात्र वर्षातून एकदा घेतलेली चाचणी मुलाच्या शरीराची त्या दिवसाची स्थिती सांगते. शिक्षकाने काय शिकवले आणि मुलाने काय आत्मसात केले, हे सांगत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची उंची वर्षभरात झपाट्याने वाढते आणि धावण्याची वेळ आपोआप सुधारते. त्याचे श्रेय शिकवण्याला देता येत नाही. उलट, स्थूल मुलाला वर्गासमोर वजनकाट्यावर उभे केले, तर ते मैदानापासून कायमचे दुरावण्याचा धोका असतो.

हा धोका क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार शालेय वयातील मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल आवश्यक आहे. जगभरातील ११ ते १७ वयोगटातील सुमारे ८१ टक्के मुले या निकषापर्यंत पोहोचत नाहीत, असे संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवरून दाखवून दिले आहे. शाळेतील तास ही उणीव एकट्याने भरून काढू शकत नाही. पण आयुष्यभर खेळण्या-चालण्याची गोडी आणि त्यासाठी लागणारी कौशल्ये तो देऊ शकतो. ती मुलाला मिळाली की नाही, हे पाहणे म्हणजेच खरे मूल्यमापन.

मूल्यमापनाने शिकणे सुधारते, हा विचार नवा नाही. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या ब्रिटनमधील अभ्यासकांनी १९९८ मध्ये अनेक संशोधनांचा आढावा घेऊन हे मांडले की, शिकत असतानाच मुलाला नेमका अभिप्राय मिळाला आणि शिक्षकाने त्यानुसार शिकवण्यात बदल केला, तर प्रगती वेगाने होते. वर्गातील गणिताला जे लागू आहे, ते मैदानावरील खेळालाही लागू आहे.

गोव्यातल्या मुलांच्या परिचयाचे फुटबॉलचे उदाहरण घेऊ. सहावीच्या वर्गाला पायाच्या आतल्या बाजूने पास देणे शिकवायचे आहे. शिक्षकाने आरंभीच तीन गोष्टी सांगाव्यात: टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला हवा, घोटा ताठ हवा आणि पाय ज्या दिशेने चेंडू जायला हवा त्या दिशेने पुढे जायला हवा. मग मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने दहा पास द्यावेत, दुसऱ्याने या तीन गोष्टी पाहून काय जमले आणि काय चुकले ते सांगावे. नंतर भूमिका बदलाव्यात. या काळात शिक्षकाने आठच मुलांचे बारकाईने निरीक्षण करून वहीत खूण करावी. चाळीस मुलांचा वर्ग असला, तरी पाच तासांत प्रत्येकाची नोंद होते. बहुतेकांचा घोटा सैल पडतो असे दिसले, तर पुढचा तास त्यावरच द्यावा. यासाठी ना महागडी साधने लागतात, ना वेगळी परीक्षा.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. मुलांना मोकळा श्वास घेता येतो तो हाच तास. त्यालाही परीक्षेचे जोखड का? आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच येथे गुण आणि क्रमांक नकोत. तुलना व्हावी ती मुलाच्या आजच्या आणि महिन्यापूर्वीच्या कामगिरीची. शेजाऱ्याशी स्पर्धा लावली, की मागे पडणारे मूल पहिल्या आठवड्यातच हार मानते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सुचवलेल्या समग्र प्रगतिपुस्तकात शिक्षकाच्या मूल्यमापनासोबत स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायींचे मूल्यमापन यांनाही स्थान आहे. शारीरिक शिक्षणाच्या तासाइतकी त्यासाठी अनुकूल जागा दुसरी नाही.

धोरण कागदावर राहू नये यासाठी शाळांना काही पथ्ये पाळावी लागतील. गणिताचा अभ्यासक्रम अपुरा राहिला म्हणून शारीरिक शिक्षणाचा तास उचलून देण्याची सवय सोडावी लागेल. पावसाळ्यात मैदान चिखलाने भरले, तरी तोल सांभाळणे, लवचीकता, श्वसन, खेळांचे नियम आणि प्रथमोपचार हे वर्गात किंवा सभागृहात शिकवता येते. त्याचीही नोंद व्हायला हवी. शिक्षकालाही संघाने जिंकलेल्या चषकांवरून जोखणे थांबवावे लागेल, नाहीतर त्याचे लक्ष साहजिकच निवडक पंधरा मुलांवर राहील.

२०२३ साली ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद गोव्याने भूषवले आणि त्यानिमित्ताने राज्यात क्रीडा सुविधांची भर पडली. त्या मैदानांवर उद्या खेळायला कोण येणार, हे मात्र शाळेतल्या तासावर ठरेल. शिक्षण खाते आणि क्रीडा खाते यांनी एकत्र येऊन प्रत्येक इयत्तेसाठी साध्या कौशल्यांची यादी आणि नोंदीचा सुटसुटीत नमुना शिक्षकांच्या हाती द्यावा. पालकांनीही प्रगतिपुस्तक हाती आल्यावर शारीरिक शिक्षणाची श्रेणी पाहून पान उलटू नये. आपल्या मुलाला यंदा कोणती नवी गोष्ट करता येऊ लागली, हे शिक्षकांना आवर्जून विचारावे.