वजनकाट्यावरचा तंबू

तंबू घ्यायचा म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न असतो, किती ग्रॅमचा? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायला हवा. आता तुम्ही म्हणाल, सत्तरी ओलांडलेल्या बाईंना तंबूतलं काय कळतं? तर मंडळी, नातवाला आणि त्याच्या मित्रांना वर्गणी काढून दोन तंबू घ्यायचे आहेत. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर जायचा बेत आहे. गेले पंधरा दिवस आमच्या काशीगावच्या घरात दुसरा विषय नाही. आणि मी जन्मभर भूगोल शिकवला आहे, तेव्हा हवा, दव आणि खडक या तीन गोष्टींवर बोलायचा अधिकार माझ्याकडे आहे असं मी समजते.

आधी कापडाचं पाहू. तंबूच्या कापडावर 'डेनियर' असा आकडा लिहिलेला असतो. मुलं तो घडाघडा सांगतात, पण अर्थ विचारला की एकमेकांकडे बघतात. अर्थ सोपा आहे. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितका डेनियर. म्हणजे 20 डेनियरचा नऊ किलोमीटर लांब धागा फक्त 20 ग्रॅम भरतो! काशीगावातून निघून भाईंदर स्टेशनही मागे पडेल एवढा धागा, आणि वजन चार-पाच चमचे साखरेइतकं. हे ऐकून मलाही गंमत वाटली. पण धागा बारीक झाला की कापड काट्याला, खडकाला लवकर दाद देतं, हेही त्याच आकड्यात लिहिलेलं असतं.

हलक्या तंबूंत मुख्यतः तीन कापडं दिसतात. पहिलं सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन. हे फाटायला चिवट असतं. पण नायलॉन पाणी पितं. सर्वसाधारण दमट हवेत ते स्वतःच्या वजनाच्या सुमारे 4 टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर मात्र जेमतेम 0.4 टक्के. ओलावा धरला की नायलॉन सैल पडतं. संध्याकाळी ताणून बांधलेला तंबू मध्यरात्री पोट सुटल्यासारखा लोंबतो आणि आतल्या कापडाला टेकतो. दुसरं कापड पॉलिएस्टर. तेवढ्याच जाडीच्या नायलॉनपेक्षा थोडं कमी चिवट, पण पावसात फारसं सैल पडत नाही आणि उन्हालाही जास्त टिकतं. तिसरं डायनीमाचं. शर्यतीच्या बोटींच्या शिडांसाठी जे कापड निघालं त्याचीच ही पुढची पिढी. ते ताणत नाही, पाणी पीत नाही आणि अख्खा तंबू किलोच्या आत बसतो. किंमत मात्र अशी की पोरांची सगळी वर्गणी एका खिडकीतच संपेल!

लेपाचंही एक सांगते. ज्या कापडाला पॉलियुरेथेनचा लेप असतो, त्याच्या शिवणींवर कारखान्यातच पट्टी चिकटवता येते. सिलिकॉनवर ती पट्टी बसत नाही, शिवणींना वेगळं सिलिकॉन लावावं लागतं. आणि पॉलियुरेथेनचा लेप दमटपणानं कुजतो, चिकट होतो, आंबूस वास मारायला लागतो. आमच्याकडे एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी. पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवरही बुरशी येते. ओला तंबू पिशवीत कोंबून माळ्यावर टाकला तर पुढच्या वर्षी काय बाहेर निघेल ते सांगायला नको. तंबू घरी आला की दोरीवर वाळलाच पाहिजे, मग कापड कुठलंही असो.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. दुकानात सगळे विचारतात, 'किती मिलिमीटर वॉटरप्रूफ?' हा आकडा म्हणजे कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर पाणी झिरपू लागतं, त्याची उंची. तळाच्या कापडासाठी ती जास्तच हवी, कारण गुडघे टेकले की ओल्या जमिनीवर दाब येतो. पण सह्याद्रीत माणसाला रात्री भिजवणारं पाणी पुष्कळदा आकाशातून येतच नाही. ते आपलंच असतं! झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून सहज पेलाभर पाणी हवेत सोडतो. डिसेंबरच्या निरभ्र रात्री तंबूचं छत आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतं. थंड छताला आतली दमट हवा लागली की दव जमतं. एका खोलीत चौघे झोपले तर सकाळी खिडकीची काच कशी घामेजते, तसंच. मग पोरं म्हणतात, 'आजी, तंबू गळतो.' अरे, तो गळत नाही. त्याला श्वास घ्यायला जागा नाही.

म्हणून कापडापेक्षा बांधणी महत्त्वाची. एकाच पडद्याचा तंबू हलका खरा, पण दव थेट अंथरुणावर टपकतं. दोन पडद्यांचा, म्हणजे आत जाळीची खोली आणि वर वेगळं छत, असा तंबू अर्धा-पाऊण किलो जड होईल. पण दव बाहेरच्या कापडावर जमतं आणि ओघळून जमिनीला मिळतं. छताची खालची कड जमिनीपासून चार बोटं वर असावी आणि माथ्याजवळ झरोका असावा, म्हणजे खालून हवा येते, वरून जाते.

हे काही साहेबानं शोधलेलं नाही. भातलावणीच्या वेळी कोकणात, ठाण्यात बायका पाठीवर इरलं घ्यायच्या. बांबूच्या कामट्या आणि पानं, वरून पाऊस ओघळून जाई आणि समोरची बाजू मोकळी. वारीतल्या कापडी राहुट्या घ्या. सुती धागा भिजला की फुगतो, विणीतली छिद्रं मिटतात आणि पाणी बाहेरच राहतं. कोरडं असताना मात्र त्याच विणीतून हवा खेळते. फक्त आतून बोट लावू नये, लगेच थेंब उतरतो. राहुटी जड, ती पाठीवर घेऊन कोणी गड चढणार नाही. पण पाणी अडवायचं आणि हवा सोडायची, ही दोन्ही कामं तिला येत होती.

दुसरी गोष्ट खडकाची. बरेचसे अतिहलके तंबू चालायच्या काठ्यांवर उभे राहतात आणि सगळा ताण खुंट्यांवर असतो. आपला सह्याद्री बेसाल्टचा. पठारावर वीतभर माती, खाली कातळ. तिथे खुंटी कुठे ठोकणार? कोकणकड्यावर वारा सुटला की मग पळापळ. स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा तंबू आपल्याकडे बरा. कमानी ॲल्युमिनियमच्या घ्याव्यात, फायबरग्लासच्या उभ्या चिरतात. आणि दोऱ्या लांब ठेवाव्यात, म्हणजे मोठ्या धोंड्याला बांधता येतात.

वजनाचं महत्त्व मी नाकारत नाही. पाठीवरचा एकेक किलो गुडघ्यांना कळतो, माझ्या गुडघ्यांना तर फारच. पण वजन कमी करायचंच तर जास्तीची जीन्स, स्टीलचा डबा, मोठा स्पीकर यातून करा. झरोका आणि दुसरा पडदा यांतून नको. कारण शेवटी प्रश्न ओल्या अंथरुणापुरता राहत नाही. थंडी वाजते म्हणून मुलं सगळ्या फटी बंद करतात, आणि कोणीतरी आतच स्टोव्ह नाहीतर निखारे पेटवतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. तंबूच्या आत विस्तव नाही म्हणजे नाही, या एका बाबतीत मी आजी नसून बाई आहे, आणि छडी अजून कपाटात आहे :)

असो. आमच्या घरचा ठराव असा: पॉलिएस्टरचा, दोन पडद्यांचा, स्वतः उभा राहणारा, माथ्यावर झरोका असलेला तंबू. दोघांसाठी दोन-अडीच किलो भरला तरी चालेल. एकानं कापड घ्यावं, दुसऱ्यानं कमानी. नातू अजून कुरकुरतो आहे, त्याला किलोभराचाच हवा. पुण्याच्या आणि नाशिकच्या भाचेमंडळींनी यात त्याची बाजू घेऊ नये, ही आगाऊ सूचना. घ्यायचीच असेल तर आधी एक थंडीची रात्र एकपदरी तंबूत झोपून पाहावं, आणि मग माझ्याशी वाद घालायला यावं. चहा तयार ठेवते.