बंदराची हद्द शिळफाट्यापर्यंत

विमानतळांच्या सुरक्षा ब्युरोच्या धर्तीवर बंदरांसाठी स्वतंत्र ब्युरो स्थापन करण्याचे पाऊल केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये उचलले. ते स्वागतार्हच आहे. मात्र ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांनी याकडे उरणचा प्रश्न म्हणून पाहू नये. उरणच्या न्हावा-शेवा बंदरातले कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास या वाटेने भिवंडीच्या गोदामांत येतात. बंदरातल्या तपासणीतून जे निसटते, ते आपल्या दारातून जाते.

काय निसटू शकते, हे दिसलेले आहे. ऑगस्ट २०२० मध्ये न्हावा-शेव्याला १९१ किलो हेरॉईन पकडले, ते बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत, आयुर्वेदिक औषधाच्या नावाखाली. सप्टेंबर २०२२ मध्ये तर ज्येष्ठमधाच्या मुळांवरच हेरॉईनचा लेप होता. असे मूळ स्कॅनरच्या पडद्यावर साध्या मुळापेक्षा वेगळे ते काय दिसणार? दिल्ली पोलिसांना धागेदोरे मिळाले म्हणून ती खेप हाती लागली.

जुलै २००४ पासून लागू असलेली सागरी सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता जहाज आणि बंदर या दोहोंपुरतीच बोलते. रस्ता तिच्या कक्षेत नाही. आणि महाराष्ट्राला खरा दगा रस्त्यावर झाला. १९९३ च्या स्फोटांसाठीची शस्त्रे आणि आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर उतरून मोटारींतून मुंबईकडे निघाले. लाच घेऊन त्याकडे डोळेझाक करणारे पोलिस आणि सीमाशुल्क अधिकारी टाडा न्यायालयात दोषी ठरले. त्यानंतर किनाऱ्यावर गस्त वाढली, नौका आल्या, रस्त्याचे काय?

आज शिळफाट्याच्या परिसरात फेरी मारून पाहावे. अवजड वाहनांना ठरावीक वेळांत शहरबंदी असते, म्हणून ट्रेलर कडेला तासन्‌तास उभे असतात. चालक स्टोव्हवर भात शिजवत असतो आणि लाखोंच्या मालाची राखण दाराला लावलेले एक बोटभर सील करत असते. हा चालकाचा दोष नाही. त्याला थांबायला दिवे, पहारा आणि शौचालय असलेला वाहनतळ कोणी बांधून दिलेला नाही. सुरक्षेवरचा पहिला खर्च इथे व्हायला हवा.

निर्यातीच्या कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील २०१७ पासून आले. आयातीच्या प्रत्येक कंटेनरलाही ते सक्तीचे करावे आणि गोदामात पेटी उघडताना सीलचा क्रमांक बंदराच्या नोंदीशी ताडून पाहावा. ही नोंदयंत्रणाही जपावी लागेल. जून २०१७ च्या सायबर हल्ल्याने न्हावा-शेव्यातल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पाडले होते.

जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या, आता पालघरमधल्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले. ७६ हजार कोटींच्या या बंदराचा मालही भिवंडीच्या गोदामांकडे वळेल. तेव्हा भिवंडीपासून डोंबिवलीपर्यंत हद्द असलेल्या ठाणे पोलिस आयुक्तालयाला नव्या ब्युरोच्या रचनेत आताच स्थान द्यावे आणि मुंब्रा-शिळफाटा पट्ट्यातल्या पहारायुक्त वाहनतळासाठी राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी.