फिट येणे : बाहेरचे नव्हे, आतले



धडधाकट पोरगं शाळेत, शेतात किंवा मुदखेडच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना एकाएकी कोसळतं, हातपाय झाडतं, तोंडाला फेस येतो. कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो. घरी आणल्यावर म्हातारी माणसे म्हणतात, "बाहेरचं झालं, देवऋष्याला दाखवा." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही संकटात पाय तिकडे वळतात, म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

सीटी स्कॅनची यंत्रे १९८० नंतर आपल्या देशात वाढली. फिट येणाऱ्या अनेकांच्या मेंदूच्या फोटोत एकच लहान गोल ठिपका व भोवती सूज दिसू लागली. पुण्याच्या डॉ. आर. एस. वाडिया व सहकाऱ्यांनी १९८७ साली अशा ठिपक्यांवर निबंध प्रसिद्ध केला. पुष्कळ डॉक्टर त्याला क्षयाची गाठ समजत. मग महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या; काहींची तर कवटी उघडली जाई.

तामिळनाडूतील वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मेंदूचे सर्जन डॉ. वेदांतम राजशेखर यांनी या ठिपक्याच्या शोधात उमेदीची वर्षे घातली. त्यांनी व डॉ. मॅथ्यू चंडी यांनी काही गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांत निघाली पट्टकृमीची अळी! हे १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. १९९३ साली त्यांनी कसोटीही दिली. गाठ एकच, २० मिलिमीटरहून लहान, मेंदू बाजूला सरकलेला नाही आणि अंगात दुसरीकडे क्षय नाही, तर ती बहुधा अळीची. अशी गाठ बहुतेकदा काही महिन्यांत विरून जाते. फिटच्या गोळ्या मात्र नियमित घ्याव्या लागतात. कित्येकांची शस्त्रक्रिया यामुळे टळली.

मग फिट का येते? अळी जिवंत असते तोवर वर्षानुवर्षे गुपचूप बसते. ती मरू लागली की शरीराची संरक्षक फौज तिच्यावर तुटून पडते. त्या लढाईने भोवती दाह होतो, सूज येते, मेंदूतील विजेचा तोल जातो आणि माणूस कोसळतो.

आता मुद्द्याचे. 'हा डुक्कर खाणाऱ्यांचा रोग' म्हणत आमच्या वस्त्यांकडे बोट दाखवले जाते. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून आतड्यात पट्टकृमी होतो, हे खरे. मांस पूर्ण शिजवलेच पाहिजे. पण मेंदूत जाणारी अळी त्या कृमीच्या अंड्यांतून येते, आणि ती अंडी असतात माणसाच्या विष्ठेत. पाणी, न धुतलेली भाजी, मळके हात यांतून ती कुणाच्याही पोटात जातात. म्हणून पक्क्या शाकाहारी घरांतही हा रोग सापडतो. उघड्यावरची घाण जात विचारून पसरत नाही.

डॉ. राजशेखर व सहकाऱ्यांनी वेल्लोर जिल्ह्यात ५० हजारांवर लोकांची पाहणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासलेल्या फिटच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत कारण ही अळीच होती. संडास, स्वच्छ पाणी आणि साबण यांनी हे दुखणे टळू शकते. नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे ते मागणे हा आपला हक्क आहे.

माता-भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे. फिट आली की रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. पहिलीच फिट असेल तरी नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. लेकीला फिट येते म्हणून तिची शाळा सोडवू नका. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यातून १९९९ साली मिरगीची अट काढून टाकली आहे. कायद्याने जो कलंक पुसला, तो आपण का जपावा?

तथागतांनी आपला धम्म 'एहि पस्सिको' सांगितला : या आणि स्वतः पाहा. देवऋषी न पाहताच सांगतो. आपण पाहून सांगणाऱ्याकडे जाऊ या.

जयभीम!