मऊभात कोणी करायचा?

२०२० च्या टाळेबंदीत कुकरची शिट्टी काढून, तळाशी मीठ पसरून घरोघरी केक भाजले गेले. मन थाऱ्यावर नसताना पीठ चाळण्या-फेटण्यात हात गुंतले की बरे वाटते, हे खरे. गंधाचा मेंदूतल्या भावना-स्मृतीच्या केंद्रांशी फार जवळचा संबंध असतो. मेतकूट-भातावर तूप पडले की लहानपणीची आजारपणे आठवतात ती त्यामुळेच.

पण ‘मन रमवायला स्वयंपाक करा’ हा सल्ला सरसकट देऊ नये. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. जिची दोन वेळची पोळी-भाजी चुकत नाही, तिला ओट्यापाशी विरंगुळा कसा मिळावा? हौसेचा केक वेगळा, न टळणारा स्वयंपाक वेगळा.

मृत्यू झालेल्या घरी शेजारी पिठले-भात नेऊन देतात, ही आपली रीत मला फार शहाणी वाटते. नैराश्याने किंवा किमोथेरपीने गळून गेलेल्या बाईकडेही असाच डबा जायला हवा. आणि घरातल्या पुरुषांनी निदान मऊभात शिकून घ्यावा; कुकरला पाणी थोडे जास्त घालायचे, एवढेच.