जोडे शिवणाऱ्याची लेक आणि माशांची पेटी

वाचकहो, टीव्हीशेजारची माशांची काचेची पेटी आता चाळीतल्या खोलीतही दिसते. चीनमध्ये सोनेरी मासे शेकडो वर्षे पाळत, पण मातीच्या भांड्यांत. पाहायचे ते वरून. समुद्री जीव समोरून न्याहाळण्यासाठी काचेची पेटी केली ती 1832 साली, सिसिली बेटावर, झान विलप्रो-पॉवर या बाईने.

झान 1794 साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मली. बाप जोडे शिवायचा. अठराव्या वर्षी ती पायी पॅरिसला गेली, शिवणकाम-भरतकाम करू लागली. लग्नानंतर सिसिलीत आली आणि आपली आपणच शिकली. तिथल्या समुद्रात अर्गोनॉट नावाचा आठ हातांचा जीव असतो. त्याचे पातळ कवच त्याने स्वतः बनवलेले की दुसऱ्याचे बळकावलेले, यावर विद्वान भांडत होते. बाईंनी ते जीव पेटीत ठेवले, कवच थोडे फोडले आणि वाट पाहिली. जीवाने मोडलेला भाग स्वतःच सांधला! वाद मिटला. (नुसत्या पांडित्यापेक्षा असे पाहणे आम्हाला भावते.) 1838 साली मात्र त्यांचा संग्रह नेणारे जहाज बुडाले.

इंग्लंडात 1845 साली काचेवरचा कर उठला. 1850 साली रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी मासे, पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून पाणी टिकवून दाखवले. 1854 साली फिलिप गॉस यांचे पुस्तक आले आणि घरोघरी पेट्यांचे वेड लागले.

बरेच जण हा इतिहास गॉसपासून सांगतात. आम्ही आमच्या मुलींना झानपासून सांगतो.