हिशेबात न धरलेला साबण

उत्पादनखर्च मांडताना आपण बियाणे धरतो, खत धरतो, फवारणी धरतो, बैलांचा चारा धरतो. घरच्या बाईची मजुरी धरायलाही आपण भांडून शिकलो. पण पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात प्रत्येक घर रोज एक खर्च करते, तो अजून कुठल्याच कागदावर आलेला नाही. तो खर्च जड पाण्याचा आहे.

दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगाव, संग्रामपूर, नाव कुठलेही घ्या. पूर्णेने आणून टाकलेला गाळ, त्याची खोल चिकण काळी जमीन, निचरा नाही. क्षार जिथल्या तिथे मुरलेले. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरीला गोड पाणी आणि थोडे खाली उतरले की तोंडात धरवत नाही. खारटपणा निदान जिभेला कळतो. जडपणा जिभेला कळत नाही, तो साबणाला कळतो. शाळेच्या पुस्तकात या पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून त्याचा चिकट साका करतात आणि तो साका कपड्यात, केसांत, मोरीच्या फरशीवर बसतो.

आता हिशेब करू. पाण्याचा कठीणपणा लिटरला 600 मिलिग्रॅम असेल, तर 15 लिटरच्या बादलीत असे क्षार 9 ग्रॅम झाले. एक ग्रॅम क्षार साधारण 6 ग्रॅम साबण खातो. म्हणजे बादलीभर पाण्याला फेस यायच्या आधीच 50 ग्रॅमच्या वर साबण गेला. शंभर ग्रॅमची अर्धी वडी, आणि मळ अजून निघायचाच आहे! हेच काम धुण्याचा कोरडा सोडा दहा-बारा ग्रॅममध्ये करतो. कपडे भिजवण्याआधी तो पाण्यात विरघळवावा. हाताला मात्र झोंबतो, हे बायकांना आम्ही सांगायला नको.

तुरीच्या डाळीचेही तसेच. कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट बांधून ठेवतो, म्हणून दोन शिट्ट्यांचे वरण चार शिट्ट्या घेते. चिमूटभर खायचा सोडा टाकला की डाळ फुटते, पण तिच्यातले ब-1 जीवनसत्त्वही जाते. पाणी उकळले तर जडपणाचा एक भाग खाली बसतो. गंजाच्या बुडाला येतो तो पांढरा थर तोच. बाकीचा उकळून जात नाही आणि तुरटी फिरवूनही जात नाही. थर जाड झाला की इंधन जास्त लागते. सिलिंडर किती दिवस पुरला एवढेच आपण पाहतो, का पुरला नाही ते पाहत नाही.

कृषी महाविद्यालयात आम्ही पाण्याचे पृथक्करण शिकलो ते पिकाला चालेल का एवढ्यापुरते. जड पाण्यात ग्लायफोसेट कमजोर पडते हे आज फवारणी करणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे. तेच पाणी स्वयंपाकघरात काय करते, हे कोणी विचारत नाही. कारण तिथला तोटा बाई सोसते.

मुतखड्याबद्दल थोडे सावध बोलू. या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार जुनी आहे आणि तिची नीट तपासणी मागितलीच पाहिजे. पण जडपणामुळेच खडा होतो, असे वैद्यकशास्त्राने ठामपणे म्हटलेले नाही. म्हणून सभेत आम्ही ते म्हणणार नाही. साबणाचा आणि इंधनाचा हिशेब पुरेसा आहे.

भारतीय मानक ब्युरोच्या 2012 च्या मानकात कठीणपणाची मान्य मर्यादा 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. या ‘नसेल तर’वरच बोट ठेवले पाहिजे. आपल्याकडे दुसरा स्रोत आहे. वान, शहानूर, काटेपूर्णा या धरणांचे गोड पाणी नळयोजनांनी गावोगाव आणलेले आहे. पण पाइप फुटला, पंप बसला, वीज तोडली की गाव पुन्हा बोअरवर येते. नळ तोच आणि दप्तरातली नोंदही तीच. 2019 पासून जलजीवन मिशनने नळ मोजले, माणशी 55 लिटर मोजले. त्या लिटरात काय आहे ते गावाने विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. वानच्या पाण्यावर कालव्याखालच्या शेतकऱ्याचाही हक्क आहे. ही ओढाताण आपल्याच दोन भावांतली आहे आणि ती आपसात बसूनच सोडवावी लागेल.

आरओचा जार हा उपाय नव्हे, ती सोय आहे, ज्याला परवडते त्याची. आणि आरओ यंत्र फेकते त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. ते परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी ओतू नका. आपल्या चिकण मातीत ते खाली जात नाही.

योजनेप्रमाणे प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण द्यायचे आहे आणि स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा व्हायची आहे. आपल्या गावच्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. शेवटच्या तपासणीचा कागद मागा आणि त्यात ‘एकूण कठीणपणा’ हा आकडा शोधा. हातातल्या टीडीएस मीटरचा आकडा म्हणजे कठीणपणा नव्हे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन बाटल्या आणाव्यात, एक धरणाचे पाणी सुटते त्या दिवसाची आणि एक बोअरच्या दिवसाची. बाटली लिटरभराची, स्वच्छ, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली, काठोकाठ भरलेली. गाव, स्रोत, तारीख चिकटवा. बाटल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत एकत्र नेऊ. आणि सोबत, त्या महिन्यात घरात साबण किती लागला तो आकडा, घरच्या बाईला विचारून.