माँत्रोपासून जळगाव-धुळ्यापर्यंत

स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे ‘रोज दोर’ (सोनेरी गुलाब) हा टीव्ही महोत्सव १९६१ साली सुरू झाला, तो अडचणीतून. उन्हाळ्यात तिथल्या टीव्ही केंद्रांना कार्यक्रमांचा तुटवडा पडे. स्विस टीव्हीचे मार्सेल बेझाँसाँ यांनी तोड काढली: प्रत्येकाने आपला करमणुकीचा कार्यक्रम आणावा, दुसऱ्यांचे बघावेत आणि देवघेव करावी. सोनेरी गुलाबाचा मान या देवघेवीतूनच वाढला. इटलीत काप्रीला १९४८ साली सुरू झालेलं ‘प्री इतालिया’ हे पारितोषिक आधी रेडिओपुरतं होतं, टीव्ही त्यात नंतर आला. मोनॅकोचे प्रिन्स तिसरे रेनिए यांनी मोंते कार्लोचा टीव्ही महोत्सव सुरू केला तोही १९६१ मध्येच.

हा इतिहास इथे मांडायचं कारण आपल्या खानदेशातली परिस्थिती. इथल्या अहिराणी बोलीतल्या विनोदी मालिका आणि गाणी आज मोबाइलवर लाखोंनी बघितली जातात. ‘हाई झुमका वाली पोर’ या गाण्यावर तर खानदेशाबाहेरच्या वरातीही नाचल्या. तरी धुळ्याचं काम जळगावच्या निर्मात्यापर्यंत फक्त मोबाइलवरूनच पोचतं. समोरासमोर बसून बघणं, बोलणं, देणं-घेणं होत नाही.

आणि द्यायचं ठरलं तरी देणार काय? बहुतेकांच्या हार्ड डिस्कवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ अशा फाइली असतात. उघडून पाहावं तर प्रत्येकीत खाली सराफाच्या नाहीतर बियाणे कंपनीच्या जाहिरातीची पट्टी सरकत असते आणि संवादांमागे सिनेमातलं गाणं वाजत असतं. अशी प्रत परक्या केंद्राने कशी दाखवावी? पट्टीविना स्वच्छ चित्र हवं. संवाद एका ट्रॅकवर, संगीत आणि इतर आवाज दुसऱ्यावर हवेत, म्हणजे डबिंग करता येतं. वेळेसकट उपशीर्षकं हवीत. गाण्याच्या हक्काचा कागद हवा आणि कॅमेरा, आवाज, संकलन करणाऱ्यांची पूर्ण नावं हवीत. हे शेवटचं आपण सर्रास टाळतो, ते मला मुळीच पटत नाही.

टीव्हीचं काम दुय्यम, ही समजूतही सोडावी. सत्यजित राय यांनी १९८१ साली ‘सद्गती’ ही फिल्म दूरदर्शनसाठीच केली. त्यात आपल्या खानदेशातल्या शिरपूरच्या घराण्यातली, आधी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी स्मिता पाटील होती.

सुरुवातीला मोठा महोत्सव नको. जळगाव किंवा धुळ्यात एक सभागृह घ्यावं, प्रत्येकाने एकच भाग स्वच्छ प्रतीत आणावा आणि मुक्काम करून सगळ्यांचे सगळे भाग बघावेत. बक्षिसाचं नंतर बघू.